सूचना : घरी गिटारची शिकवणी सुरू करणाऱ्या सभासदांसाठी

सभासदहो,

पहिल्या तासाआधी डाव्या हाताची नखं कापून ठेवा. वाढलेल्या नखांनी तार नीट दाबलीच जात नाही. (डावखुऱ्यांनी शिक्षकांना आधीच सांगावं.) गिटार शिक्षकांना विचारूनच घ्या. लहान मुलांना नायलॉनच्या तारा बऱ्या, बोटांना कमी रुततात. स्टीलच्या तारांनी सुरुवातीला बोटांची टोकं चांगलीच दुखतात. कातडी घट्ट झाली की दुखणं कमी होतं, तेवढ्यासाठी कृपया शिकवणी सोडू नका. सराव रोज १५ मिनिटं का होईना, पण कराच. आणि त्याआधी ट्यूनरवर (तारेचा सूर दाखवणारं यंत्र किंवा अ‍ॅप) जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई या सुरांत तारा जुळवून घ्या. मुलांच्या तासाला घरातलं मोठं माणूस हजर हवं, टीव्ही बंद.