नालकुंतलासाठी पेटीची वाट कशाला?

मा. संपादक,
स. न.

दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यातले प्रयोग विदर्भातल्या अनेक खेड्यांच्या शाळांत फळ्यावरच उरकतात. कारण ठरलेले: प्रयोग-साहित्याची पेटी आली नाही. ती यावीच, पण नालकुंतलासाठी, म्हणजे प्रवाह सोडताच चुंबक होणाऱ्या तारेच्या वेटोळ्यासाठी, तोवर तालुक्याच्या बाजारातले मोटर रिवायंडिंगचे दुकान पुरेसे आहे.

जळालेल्या मोटरीतली तार फुकट मिळते म्हणून आणू नये. तिचे इनॅमल, म्हणजे तारेवरचा रोधक लेप, करपलेले असते, वेढे आपसांत शॉर्ट होतात. नव्या तारेचा उरलेला तुकडा मागावा: 30 गेज, 6 मीटर. पंख्याची तार याहून बारीक, मुलांच्या हातून तुटते.

नालकुंतलाच्या गाभ्याला खिळा किंवा बोल्ट घेतला की घोटाळा होतो. पोलाद कडक असेल तर प्रवाह बंद केल्यावरही टाचण्या चिकटून राहतात आणि मुले नेमके उलटे निरीक्षण लिहितात. त्यापेक्षा सेंट्रिंगवाले सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग तार बरी. ती मऊ लोखंडाची असते. तिचे 10 सेंमीचे सरळ तुकडे 8 मिमी जाडीच्या जुडीत बांधावेत, वर कागद गुंडाळावा आणि 200 वेढे द्यावेत. दुसरा थर चढवताना हात उलटा फिरला तर दोन्ही थर एकमेकांचा परिणाम खोडतात. टोके 2-2 सेंमी पॉलिश पेपरने घासावीत. ‘सेल खराब आहे’ ही तक्रार बहुधा न घासलेल्या टोकांचीच असते. दीड व्होल्टच्या मोठ्या सेलवर साधारण 1 अँपिअर प्रवाह मिळतो.

चुंबकसूचीचा प्रयोग मात्र दिशेमुळे फसतो. ओर्स्टेडने 1820 साली दाखवलेला परिणाम, म्हणजे तारेतल्या प्रवाहाने सुई वळणे, पाहायचा तर तार सुईवर, सुईला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर हवी. पूर्व-पश्चिम धरली तर तारेचे चुंबकीय क्षेत्र सुईच्याच रेषेत येते आणि सुई जागची हलत नाही, नाहीतर एकदम उलटी फिरते. ही तार वरच्या नालकुंतलाशी एकसर जोडावी, नालकुंतल दोन हात लांब ठेवावे. 1 अँपिअरला, 1 सेंमी अंतरावर तारेचे क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला भरते. आपल्याकडे पृथ्वीचे आडवे क्षेत्र त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून सुई 25 ते 30 अंशच वळते. वहीत 90 अंश लिहिलेले दिसले तर प्रयोग झालेला नाही, हे समजावे. लोखंडी टेबलावर तर कोणताच आकडा खरा नाही.

फॅरडेच्या (1831) प्रवर्तनासाठी, म्हणजे चुंबक हलवून तारेत प्रवाह निर्माण करण्यासाठी, 1 इंची प्लॅस्टिक पाइपवर याच तारेचे 500 वेढे लागतात. तार 55 मीटर, वजनाला 40 ग्रॅमच्या आसपास. सूक्ष्म प्रवाह दाखवणारा काट्याचा गॅल्व्हनोमीटरच घ्यावा, डिजिटल मीटर मागे पडतो. चुंबक आत स्थिर ठेवला की काटा शून्यावर येतो, ही पायरी घाईत गाळू नये. धड्याचा जीव तिथेच आहे. शाळेतले पट्टीचुंबक दुबळे झाले असतील तर उन्हाळ्याच्या 45 अंशांना दोष देऊ नये. ते पडल्याने, आपटल्याने आणि सारखे ध्रुव शेजारी ठेवल्याने दुबळे होतात. जुन्या स्पीकरचे गोल चुंबक वापरले तर त्याचे ध्रुव कडेला नसून सपाट बाजूंवर असतात.

फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी नालकुंतलाला जोडण्याचा मोह घरोघरी होईल. तारेचा रोध जेमतेम सव्वा ओहम असल्याने 10 अँपिअरच्या घरात प्रवाह जातो आणि थोड्याच वेळात कागद करपतो, बोटेही भाजतात. सुका सेलच वापरावा, तोही एका वेळी 5 सेकंद.

— दोन विज्ञान शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ