सौंदर्यशास्त्राची पुस्तकं मला उघडून देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

हे फोनवर पण बोलता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कलेच्या तत्त्वज्ञानाची पुस्तकं हौसेने आणून विसाव्या पानावर अडकलेले खूप लोक आहेत आणि तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंत पण पोचायला हवं.

तुम्ही एकही व्याख्या पाठ करायला लावली नाहीत. एवढंच म्हणालात, पुस्तक उघडलं की आधी बघ हा माणूस कोणाशी भांडतोय. बस्स. तेवढ्यावर मला ही पुस्तकं वाचता यायला लागली, खरंच सांगते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचं सौंदर्याच्या निवाड्यावरचं १७९० चं पुस्तक मला झेपत नव्हतं, तेव्हा तुम्ही ते बाजूला ठेवायला लावून स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा १७५७ चा अभिरुचीवरचा निबंध हातात दिलात. त्यातली ती वाइनची गोष्ट, दोघं जण चव घेतात, एक म्हणतो वाइन चांगली आहे पण चामड्याची चव लागतेय, दुसरा म्हणतो लोखंडाची, सगळे दोघांना हसतात आणि पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडते! म्हणजे ह्यूमचं म्हणणं, आवडनिवड ज्याची त्याची असली तरी पारख कमी-जास्त असते, ती सरावाने, तुलनेने, पूर्वग्रह बाजूला ठेवून तयार होते. आणि मग कांटकडे परत गेले तेव्हा एकदम लक्षात आलं की कांटला एवढ्यावर समाधान का नाही, कारण तो म्हणतो शंभर जणांनी कविता वाखाणली तरी ती मला आतून सुंदर वाटायला मीच अनुभवली पाहिजे, आणि तरीही मी ‘सुंदर’ म्हणते तेव्हा सगळ्यांनी मान्य करावं अशी माझी अपेक्षा असते, नियमाने सिद्ध करता येत नाही आणि तरी हक्क सांगते. ही अडचण एकदा कळली की त्याची लांबलचक वाक्यं पण आपलीशी वाटायला लागतात.

पण सगळ्यात जास्त आभार विसाव्या शतकातल्या, कलेची व्याख्या करता येते का या भांडणासाठी. वाइट्झ हा अमेरिकन तत्त्वज्ञ १९५६ मध्ये म्हणतो, सगळ्या कलाकृतींमध्ये समान असं काही नसतंच, नुसती घराण्यातल्या चेहऱ्यांसारखी साम्यं असतात, त्यामुळे कलेची व्याख्या करायच्या नादी लागू नका. त्यावर मँडेलबाउम या दुसऱ्या तत्त्वज्ञाचं १९६५ चं उत्तर तुम्ही मला वाचून दाखवलंत, की अरे, घराण्याला घराणं करतं ते रक्ताचं नातं, आणि ते चेहऱ्यावर दिसत नाही! मला हे फारच आवडलं. आणि तत्त्वज्ञ डांटो तर त्याच्या आधीच १९६४ मध्ये चित्रकार वॉरहॉलचे ब्रिलो बॉक्स, म्हणजे भांडी घासायच्या साबणी घासण्यांच्या खोक्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, बघून हेच विचारत होता, दुकानातल्या खोक्यासारखंच दिसणारं खोकं इथे कला कसं काय झालं, म्हणजे फरक डोळ्यांना दिसणारा नाही, तो कलेच्या इतिहासात आणि सिद्धांतात आहे. ही तीन नावं वेगवेगळी वाचली असती तर नुसत्या नोट्स झाल्या असत्या.

मराठीतलं पण तुम्हीच दाखवलंत. मर्ढेकरांचा लय-सिद्धांत, म्हणजे कलाकृतीच्या घटकांमधल्या संवाद-विरोध-समतोल या नात्यांतून तिची लय घडते हा विचार, आणि मग रा. भा. पाटणकरांची १९७४ ची सौंदर्यमीमांसा, जिथे कलेला जगण्यापासून वेगळी मानणारे आणि जगण्याशी जोडणारे अशा दोन्ही बाजूंना ते पूर्ण बोलू देतात. दुसऱ्याचं म्हणणं इतक्या ताकदीने मांडून मग तपासणं, हे मी तरी फार कमी ठिकाणी बघितलंय.

तुमच्या पुस्तकांत समासात पेन्सिलने ‘का?’ लिहिलेलं असायचं, त्याचा मला किती उपयोग झाला हे तुम्हाला माहीत नसेल. मी विचारलं की तुम्ही उत्तर न देता पुढचं पुस्तक द्यायचात, रात्री उशिरा पाठवलेल्या माझ्या लांबच लांब व्हॉइस मेसेजना पण सकाळी पान नंबरासकट रिप्लाय यायचा. एवढा वेळ कोण देतं हो कोणाला!

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. इंग्रज कलासमीक्षक क्लाइव्ह बेल तुम्ही नुसता इतिहास म्हणून वाचायला सांगता, मला वाटतं अमूर्त चित्रापुढे उभं राहिलं की कलेत आकारच महत्त्वाचा हा १९१४ मधला त्याचा हट्ट आजही कामाला येतो. यावर आपण बोलूच. आणि गुडमन आणि वॉलहाइम या दोन्ही तत्त्वज्ञांची कलेवरची पुस्तकं १९६८ चीच आहेत, आधी कोणतं घेऊ ते सांगा.

तुमची,
एक वाचक