भाजलेली जखम भरली, पण वणाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीत फटाक्याने भाजलेल्यांच्या बातम्या तुम्ही छापता, कोण किती टक्के भाजलं, कुठे ॲडमिट आहे वगैरे, आणि पेशंट घरी गेला की विषय संपला. मी बर्न्स वॉर्डात बरीच वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट (पेशंटला रोजची कामं परत करता यावीत म्हणून उपचार करणारी) होते, आमचं काम तर तिथून पुढे खरं वाढायचं.

जखम भरायला ३ आठवड्यांच्या वर लागले की तिथला वण बऱ्याचदा वर येतो, लाल, कडक होतो आणि खाज इतकी की रात्रीची झोप जाते. घरचे म्हणतात आंबट खाल्लं असेल. अहो आंबटाचा काही संबंध नाही, त्वचेत कोलॅजन (त्वचेला ताकद देणारं प्रथिन) गरजेपेक्षा जास्त तयार होतं म्हणून वण फुगतो, तो निवायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि जे काही करायचं ते लवकर, वण लाल आहे तोवरच सुरू केलेलं बरं. सिलिकॉनची शीट रोज किमान १२ तास, तेल किंवा क्रीमने मालिश, आणि तरी दबला नाही तर वणातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी एक (दुखतं, खोटं कशाला सांगू). मानेला भाजलं असेल तर उशी बंद, नाहीतर वण आकसून हनुवटी खाली ओढली जाते आणि मग ऑपरेशनच करावं लागतं.

पण लोक हमखास सोडतात ते प्रेशर गारमेंट. वण दाबून ठेवणारा, अंगाच्या मापाचा घट्ट कपडा, दिवसाचे २३ तास घालायचा, फक्त अंघोळ-मालिशीला काढायचा. मे महिन्यात विदर्भात हे घालून बघा म्हणजे कळेल पेशंट का कंटाळतो. शिवाय धुवायला टाकला की दुसरा हवा म्हणजे २ जोड, काही महिन्यांत सैल पडतात, पोरं तर वाढतात पण, परत माप परत पैसे. ज्या बाईचा हात स्टोव्हने भाजलाय तिच्या घरात हा खर्च सगळ्यात शेवटी येतो.

म्हणून सरकारला एवढंच सांगणं आहे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक शिलाई मशीन, लायक्राचं कापड आणि हे काम शिकलेला एक टेलर द्या, फार मोठं बजेट लागत नाही. आणि तुम्ही भाजल्याच्या बातमीखाली दोन ओळी टाका की टाके निघाले तरी ओपीडीला जात राहा.

आपली,
एक निवृत्त थेरपिस्ट, नागपूर