जूनमध्ये यायला का जमत नाही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मृग बरसला, सोयाबीन पेरून झालं की चार दिवस येऊन जा, असं आई दरवर्षी म्हणते. आणि दरवर्षी मी 'जूनमध्ये नाही गं जमत' एवढंच सांगून फोन ठेवते. शाळा सुरू व्हायची म्हणजे नेमकं काय असतं, हे तुम्हाला कधी नीट सांगितलेलंच नाही. म्हणून आज लिहायला बसले.

इथे सिंधुदुर्गात पाऊस आपल्या मराठवाड्यासारखा वाट बघायला लावत नाही. शाळेची इमारत चिऱ्याची, वर कौलं. त्यामुळे मे महिन्यातच शाकारणी उरकावी लागते. फुटकं कौल बदलायचं, सरकलेलं बसवायचं, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. एक कौल राहिलं तरी पाणी बरोबर कपाटावर येतं आणि नव्या पुस्तकांचे गठ्ठे खालून भिजतात. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत, चार बोटं अंतर ठेवायचं. भिंत ओल धरते आणि ओलीमागून वाळवी येते.

फळ्याला काळा रंगही मेच्या उन्हातच द्यायला हवा. जूनमध्ये दिला तर तो वाळतच नाही, वर खडू घसरतो. रंग वाळल्यावर लगेच लिहायचंही नाही. आधी खडू आडवा धरून सबंध फळा पांढरा करायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मग पहिलं अक्षर काढायचं. तसं केलं नाही, तर पहिल्या दिवशी लिहिलेलं 'सुस्वागतम्' दिवाळीपर्यंत फळ्यावर अंधुक दिसत राहतं. खडूचा खोका पत्र्याच्या डब्यात, कारण दमट खडू उमटत नाही.

ही झाली बाहेरची तयारी. माझ्या पोटात गोळा येतो तो जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही, उघडताना.

बाबा, तुमच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. तुमच्या वयाच्या कितीतरी लोकांची तीच आहे. घरात कुणाला तारीख सांगता आली नाही, की शाळेत वय बसवून गुरुजी १ जून लिहून टाकत. तीच तारीख मग माणसाला नोकरीत, निवृत्तीत, पेन्शनीत जन्मभर पुरते. पहिलीतलं मूल समोर उभं असतं आणि त्याची ओळ भरायला मी पेन उचलते, तेव्हा हे दरवेळी मनात येतं. तोंडी सांगितलेलं काही लिहायचं नाही, जन्मदाखला समोर ठेवूनच लिहायचं. तारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जात. खाडाखोड नाही, चूक झालीच तर एक आडवी रेघ, शेजारी लाल शाईने दुरुस्ती आणि मुख्याध्यापकांची सही. पुढे जातीचा दाखला काढायला माणसं तीस-चाळीस वर्षांनी ह्याच ओळीचा उतारा मागायला येतात. मूल शाळा सोडून गेलं की इथली चूक निस्तरणं फार अवघड.

सगळ्यात जास्त घोळ आधारकार्डात असतो. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, किंवा आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. ऑनलाइन माहिती भरताना ते जुळत नाही आणि नोंद अडकते. म्हणून एप्रिलच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यालाच दोन्ही कागद मागवून एकमेकांशेजारी धरून पाहायचे. म्हणजे दुरुस्तीला मेचा महिना हाताशी राहतो.

आणि पट, म्हणजे शाळेत नाव घातलेली मुलं. पहिली ते पाचवी मिळून आमचा पट एकोणीस आहे. दोन शिक्षक, दोन खोल्या. साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हे कायद्यातच आहे, पण लहान वाडीतल्या शाळेला प्रत्येक मूल मोजून लागतं. ३० सप्टेंबरला पटावर जी मुलं असतात, त्यांवर पुढची संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं. एक कुटुंब मुंबईला गेलं तरी तो आकडा हलतो. मे महिन्यात दारोदार फिरताना लोक वाटेत थांबवून म्हणतात, 'बाई, ह्या वर्षी पहिलीक चार पोरां येतली.' असा आनंद दुसऱ्या कशात नाही मला.

आता पहिला दिवस. प्रवेशोत्सवाला फुलं असतात, नवी पुस्तकं असतात, गोड खाऊ असतो, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एखादं लेकरू आजीचा पदर मुठीत आवळून रडत असतं. तिथे काय करायचं हे आता पक्कं ठरलेलं आहे. मुलाला ओढून आत घ्यायचं नाही, दार लावायचं नाही. पहिले दोन दिवस आजीला वर्गात, मुलाला दिसेल अशी बसवायची. तिसऱ्या दिवशी ओटीवर. चौथ्या दिवशी आजीने मुलाला सांगून, त्याच्या देखत घरी जायचं. नजर चुकवून गेली की आधीची सगळी मेहनत वाया, कारण मग ते मूल दिवसभर दाराकडेच बघत बसतं. 'आजी आत्ता येते' असं खोटं तर कधीच बोलायचं नाही. सहा वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, जेवण कळतं. 'भात खाऊन झाला की आजी येईल' असं सांगायचं आणि भात झाल्यावर आजी यायलाच हवी. हा शब्द दोनदा पाळला गेला की तिसऱ्या वेळी मूल मुठीतला पदर आपण होऊन सोडतं. ती मूठ उघडताना बघायला मिळावी म्हणून मी सुट्टी टाकत नाही, आई.

भाषेचंही तसंच. मूल 'माका पाणी व्हया' म्हणतं. त्यावर 'असं नाही, मला पाणी हवंय असं म्हण' असं सांगितलं की ते पाणी मागायचंच सोडतं. पहिला महिना त्याची मालवणी जशी आहे तशी ऐकायची, शक्य तेवढी त्यातच उत्तरं द्यायची. पुस्तकातली भाषा गाण्यांतून, गोष्टींतून आपोआप कानावर पडते.

लिहायला मी पहिल्या दिवसापासून लावत नाही. पालकांना घाई असते, आठवड्यात वही का नाही भरली म्हणून विचारतात. पण बोटांत बळ यायच्या आधी पेन्सिल दिली, तर मूल ती मुठीत धरतं आणि तीच सवय चौथीपर्यंत राहते. म्हणून आधी माती मळणं, कागद फाडणं, बिया निवडणं. मग ओल्या मातीत बोटाने रेघा: उभी, आडवी, तिरपी, अर्धगोल. नंतर पाटीवरची पेन्सिल, तीही बोटभर लांबीची. फार आखूड तुकडा दिला तर चिमटीत मावत नाही, सबंध लांब दिली तर मोडते. अक्षरं 'अ आ इ' क्रमाने नाहीत, वळणाने: ग म भ न, मग व ब क. म नि भ, घ नि ध, प नि ष ह्या जोड्या एकाच दिवशी शिकवायच्या नाहीत. एक पक्कं झाल्यावर दुसरं. नाहीतर दोन्ही कायमची गोंधळतात.

पहिली-दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे असते. वीस मिनिटं दुसरीला पाटीवर काम देऊन पहिलीशी बोलायचं, पुढची वीस मिनिटं उलट. दुसरीला दिलेलं काम त्यांचं त्यांना जमेल असंच हवं, नाहीतर सगळी माझ्याभोवती गोळा होतात.

आणि दुसरीचं खरं दुखणं म्हणजे आपल्या मराठी संख्या. 'त्रेपन्न' म्हटलं की मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. ऐकल्याबरोबर ते पाटीवर ३ काढतं, पुढे ५. झाले पस्तीस! हा मुलाचा आळस नव्हे, त्याने ऐकलं तसंच लिहिलं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला तो तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. मला ती शिडी म्हणून उपयोगी वाटते. आधी दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि तीन सुटे मांडायचे, 'पन्नास नि तीन' म्हणायचं, लिहायचं, आणि मग त्याचं नाव त्रेपन्न. एकोणतीस, एकोणचाळीस मात्र सगळ्यांत शेवटी, कारण ऐकू येतात तीस नि चाळीस, आणि लिहायचे असतात २ नि ३.

बाबा विचारतात पोरांना जेवायला काय असतं. पाचवीपर्यंत माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. एकोणीस मुलांना एक किलो नऊशे तांदूळ. पण लावणीच्या दिवसांत हजेरी खालीवर होते आणि व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की पलीकडची मुलं येतच नाहीत, म्हणून हजेरी घेतल्याशिवाय तांदूळ धुवायचा नाही. पाण्याच्या टाकीला हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. डबा उघडा राहिला तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग कितीही टाका.

तर हे असं असतं, आई. इथे गणपतीला शाळेला मोठी सुट्टी असते, तेव्हा नक्की येईन.

तोवर एक काम करशील? इथे मोजायच्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांना माडाच्या झावळीतल्या हिरांच्या काड्या मिळतात, पण त्यांची टोकं मुलांच्या बोटांना बोचतात. आपल्या बांधावरच्या चिंचेचे चिंचोके किलोभर साठवून ठेव. भाजलेले नकोत. भोक पडलेले, किडके काढून टाक आणि दोन दिवस कडक उन्हात वाळव. मोठे मोठे निवड. बारका चिंचोका पहिलीतली पोरं नाकात घालतात, म्हणून मी मोजून देते आणि मोजूनच परत घेते. सोबत जुन्या साडीच्या कापडाच्या बारा पिशव्या शिवून ठेवशील तर बरं, ओंजळभर चिंचोके मावतील एवढ्या, तोंडाला नाडी.

बाबांनी गुडघ्यांचं औषध बंद करू नये.

तुमची,
लेक