चॅट विजेटने आमच्या पानाच्या हेडमध्ये परस्पर घातलेल्या स्टाइल व स्क्रिप्टबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय: विजेटमुळे संकेतस्थळावरचा मराठी मजकूर बिघडणे, कार्ट बंद पडणे आणि उरलेल्या वर्गणीचा परतावा मिळणे याबाबत.

महोदय/महोदया,

आमचं छोटं घरगुती प्रकाशन आहे. पुस्तकं आणि दिवाळी अंक आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो, आणि त्या संकेतस्थळाचं सगळं काम मी एकटी बघते. वर्षभराची वर्गणी भरून आम्ही तुमचं चॅट विजेट, म्हणजे पानावरून ग्राहकांशी बोलायची छोटी खिडकी, घेतलं. पानाच्या हेडमध्ये, म्हणजे पानाच्या कोडच्या न दिसणाऱ्या वरच्या भागात, एक ओळ टाकली की पुरे, असं तुम्ही सांगितलं होतं. त्या एका ओळीने ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचं नुकसान केलं, म्हणून हे पत्र.

दसरा झाल्यावर एका जुन्या वाचकाचा फोन आला. ते म्हणाले, "ताई, अक्षरं तुटल्यासारखी दिसताहेत, वाचवत नाही." मला आधी फॉन्टची शंका आली. पान उघडलं तर प्रत्येक शब्दाची शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली होती. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना आणि रफारांना टेकले होते. अंकाच्या अनुक्रमणिकेवर तर नजर ठरत नव्हती. त्या आधीचे कित्येक दिवस आम्ही संकेतस्थळाला हातही लावला नव्हता.

ब्राउझरमध्ये हेड उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. आमची ओळ तुमच्या सर्व्हरवरून एक फाइल आणते. ती फाइल पान उघडताना एक स्टाइल (मजकूर कसा दिसावा याचे नियम) आणि दोन स्क्रिप्ट (पानावर चालणारा कोड) तयार करून हेडच्या शेवटी जोडते. त्या स्टाइलमधले नियम तुमच्या चॅटच्या चौकटीपुरते नव्हते. ते थेट परिच्छेद, मथळे, बटणं आणि इनपुट यांना लावलेले होते: लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, अर्धा पिक्सेल; लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, एक, म्हणजे अक्षराच्या आकाराइतकीच. दोन नियमांचं वजन सारखं असेल तर नंतर येणारा नियम लागू होतो. तुमची स्टाइल आमच्या स्टाइलच्या मागून येते, म्हणून आमच्याच पानावर आमचे नियम हरले.

रोमन अक्षरं सुटी उभी असतात. त्यांच्यात अर्धा पिक्सेल वाढवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आपली अक्षरं एका रेषेला टांगलेली असतात. अंतर वाढलं की ती रेषा तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, यांना जागा लागते. लाइन-हाइट एक ठेवली तर ती जागाच उरत नाही. तुमच्यापैकी कुणी एकदा जरी एखादं मराठी किंवा हिंदी पान उघडून पाहिलं असतं, तरी हे तिथल्या तिथे दिसलं असतं. आम्ही प्रुफं तीन-तीनदा वाचणारी माणसं आहोत. आमच्या नावाखाली असा मजकूर लोकांसमोर गेला, याचा मला फार त्रास झाला.

दुसरा बिघाड पैशाचा. तुमची फाइल जेक्वेरीची (पानावरची कामं सोपी करणाऱ्या तयार कोडची) स्वतःची प्रत हेडमध्ये घालते. आमच्या पानावर जेक्वेरी आधीपासून आहे आणि कार्टचं प्लगइन तिला जोडलेलं आहे. तुमची प्रत आली की डॉलरचं चिन्ह, म्हणजे कोडमध्ये जेक्वेरीला हाक मारायचं छोटं नाव, तिच्याकडे जातं. तिला आमचं प्लगइन माहीत नाही, त्यामुळे 'कार्टमध्ये टाका' हे बटण निकामी होतं. तुमची प्रत पोचण्याआधी ज्याने बटण दाबलं त्याचं काम झालं, बाकीच्यांचं अडलं. म्हणूनच काहींना अडचण येत होती आणि काहींना नाही.

तुमच्या प्रतिनिधींना मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: कॅशे साफ करा, आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. तुम्ही तपासलंत ते तुमच्या नमुना पानावर. तिथे दुसरी जेक्वेरी नाही आणि मराठीही नाही. शेवटी मीच नेटचा वेग कमी करून पाहिलं, तेव्हा तुमची चॅटची खिडकीही अधूनमधून उघडत नाही हे कळलं. कारण साधं आहे. स्क्रिप्टने तयार करून जोडलेल्या स्क्रिप्ट मुळातच असिंक, म्हणजे एकमेकींची वाट न पाहणाऱ्या, असतात. जी आधी पोचते ती आधी चालते. तुमची विजेटची छोटी फाइल तुमच्या जेक्वेरीच्या आधी येते आणि तिथेच अडते. दोन्हींवर असिंक फॉल्स लिहिलं असतं तर क्रम टिकला असता.

तिसरी गोष्ट भीतीची आहे. ती ओळ आमच्या चेकआउटच्या पानावरही होती, जिथे लोक नाव, पत्ता, फोन नंबर भरतात. तुमच्या फाइलला ठरलेली आवृत्ती नाही. तुम्ही ती केव्हाही बदलता, त्यामुळे इंटिग्रिटीचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) लावून तिची पडताळणी करण्याचीही सोय आम्हाला राहत नाही. २०२४च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनवरून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड सापडला. डोमेनची मालकी बदलली होती, आणि एक लाखाहून अधिक संकेतस्थळं ती स्क्रिप्ट विश्वासाने आणत होती. त्यानंतरही ग्राहकांना न कळवता फाइल बदलणं मला मान्य नाही.

ती ओळ मी काढून टाकली आहे. मधले दिवस घरातल्या सगळ्यांनी फोनवर ऑर्डर घेऊन वहीत लिहिल्या. किती ग्राहक न बोलता निघून गेले ते मोजायला काही साधन नाही.

उरलेल्या महिन्यांची वर्गणी आम्हाला परत द्यावी. तुमची स्टाइल शॅडो डॉममध्ये किंवा आयफ्रेममध्ये, म्हणजे बाकीच्या पानापासून वेगळ्या कप्प्यात, बंदिस्त करावी. स्वतःची जेक्वेरी लागतच असेल तर नो-कॉन्फ्लिक्ट (डॉलरचं चिन्ह सोडून देण्याची जेक्वेरीची सोय) वापरून आमची आम्हाला परत करावी. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र पत्ता द्यावा. आणि तुमची फाइल आमच्या हेडमध्ये नेमकं काय काय जोडते, ते नवीन ग्राहकाला पैसे भरण्याआधी लेखी सांगावं. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, माझ्यासारखं एकट्याने संकेतस्थळ सांभाळणाऱ्या पुढच्या माणसासाठी आहे.

आधीच्या आणि नंतरच्या पानांची चित्रं, कन्सोलमधल्या चुकांची नोंद आणि तिन्ही ई-मेल सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. ते कोड वाचणाऱ्या व्यक्तीकडून यावं, ही विनंती.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक