पक्षातले पक्ष

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

जपानमध्ये वर्षानुवर्षे एकाच पक्षाचे राज्य असूनही पंतप्रधान सारखे का बदलतात, हा बाबांचा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९५५ साली दोन पक्षांच्या विलीनीकरणातून जन्मला आणि मधली मोजकी वर्षे वगळता सत्ता त्याच्याकडेच राहिली. पंतप्रधानपदासाठी खरी चुरस असे ती पक्षातल्या गटांत, म्हणून पक्ष तोच राहून पंतप्रधान बदलत. १९९४ च्या निवडणूक सुधारणेपूर्वी बहुतेक मतदारसंघांतून तीन ते पाच खासदार निवडले जात, त्यामुळे बहुमत हवे असेल तर पक्षाला एकाच ठिकाणी अनेक उमेदवार उभे करावे लागत, आणि एकमेकांचीच मते खाणाऱ्या या उमेदवारांना पैशासाठी, उमेदवारीसाठी व पुढे मंत्रिपदासाठी गटनेत्याचाच आधार असे. १९७९ मध्ये तर ओहिरा आणि फुकुदा हे एकाच पक्षाचे नेते पंतप्रधानपदासाठी संसदेत समोरासमोर उभे राहिले. ओहिरा १३८ विरुद्ध १२१ मतांनी जिंकले.

या गटांमुळे पंतप्रधानांच्या मनमानीला लगाम बसे आणि नवख्या खासदारांना जाणत्यांच्या हाताखाली शिकता येई, हे मला मान्य आहे. मात्र सरकार कोणाचे, हे मतदारांऐवजी गटनेत्यांनी बंद दाराआड ठरवावे, हे मला मनापासून खटकते.

त्यात पैशाची कीड लागली. निधी जमवण्यासाठी गट मेळावे भरवत; एक तिकीट साधारण २०,००० येनचे. प्रत्येक खासदाराला ठरावीक तिकिटे खपवावी लागत, आणि त्याहून जास्त खपली की वरचे पैसे त्याला परत मिळत, तेही हिशेबात न दाखवता. २०२३ च्या अखेरीस, माजी पंतप्रधान आबे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाचा हा प्रकार चव्हाट्यावर आला. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान किशिदा यांनी १९५७ पासूनचा स्वतःचा गट बरखास्त करण्याची घोषणा केली आणि एकामागून एक इतर गटही त्याच वाटेने गेले. माजी पंतप्रधान आसो यांनी मात्र आपला गट मोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदारांनी कनिष्ठ सभागृहातले सत्ताधारी आघाडीचे बहुमत काढून घेतले, याचे मला समाधान वाटले.

पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची पक्षाध्यक्षपदी निवडून आल्या, त्यात आसो यांच्या पाठिंब्याचा मोठा वाटा होता, आणि लगोलग आसो पक्षाचे उपाध्यक्ष झाले. म्हणून बाबा, गट संपले असे तुम्ही वाचले असेल, तरी मला ते अजून पटत नाही.

तुमची लेक