नर्सिंग कॅडेटचा रस्ता पोरींना बारावीच्या आधीच सांगा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. मी सातारा जिल्ह्यातली एक साधी गृहिणी, पेपरला पत्र वगैरे कधी लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की दरवर्षी आमच्या गल्लीत जे चालतं ते बघवत नाही म्हणून लिहायला बसलेय.

माझी मुलगी पुण्याला एएफएमसीच्या, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजच्या, कॉलेज ऑफ नर्सिंगला दुसऱ्या वर्षाला आहे. बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं, डिग्री आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. तिला तिथं नर्सिंग कॅडेट म्हणतात. म्हणजे कॉलेजही चालू आणि सैन्याचं ट्रेनिंगही चालू. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीची लेक्चर, प्रॅक्टिकल, वॉर्डमधली ड्युटी, आणि त्याच्याबरोबर फौजेची शिस्त, युनिफॉर्मची इस्त्री, वेळेचं बंधन. राहणं, जेवण सरकारकडून, वर थोडा स्टायपेंड. कोर्स पुरा करून मेडिकल तपासणीत पास झाली की लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे ऑफिसरचं पद, मिळतं आणि पाच वर्षं सेवा करायचा बाँड असतो. हे मी लिहितेय कारण लोकांना हे खरंच माहीत नाही. मला लोक विचारतात, "पोरगी नर्स झाली ना, मग ऑफिसर कशी?" अहो, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या सगळ्या ऑफिसरच असतात, लेफ्टनंटपासून थेट मेजर जनरलपर्यंत. भारतात पहिल्यांदा मेजर जनरल झालेल्या बाई, जी. अली राम, १९७६ साली, त्या या नर्सिंग सर्व्हिसमधल्याच होत्या.

आम्हाला हे कसं कळलं, तर निव्वळ नशिबानं. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत. सर्व्हिसमध्ये असताना पायाला मार लागून सव्वा महिना मिलिटरी हॉस्पिटलला ॲडमिट होते. तिथल्या एक लेफ्टनंट मॅडम रोज पट्टी बदलायला यायच्या, हे अजून सांगतात की रात्री दुखायला लागलं की मॅडम येऊन नुसतं उभ्या राहिल्या तरी धीर यायचा. म्हणून पोरगी दहावीत असतानाच ह्यांच्या डोक्यात होतं. घरात फौजी नसता तर आम्हालाही शून्य माहिती असती, आणि ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्या पोरींनी काय करायचं हाच माझा प्रश्न आहे.

आमच्या शेजारचीच पोर घ्या. माझ्या मुलीबरोबर एकाच बाकावर बसणारी, आणि नीटला मार्क तिला माझ्या मुलीपेक्षा जास्त. एमबीबीएसला लागणार नाही हे रिझल्टच्या दिवशीच कळलं होतं, पण पुढच्या राउंडला बघू, मग बीएएमएस बघू असं करत बसले घरातले, आणि मिलिटरी नर्सिंगसाठी नीटच्या मार्कांवर वेगळं ऑनलाइन रजिस्ट्रेशन करावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांना वाटलं नीट दिली म्हणजे आपोआप नाव जातं. आम्ही तरी सांगायचं, पण आम्ही त्यावेळी स्वतःच्याच कागदपत्रांच्या धावपळीत होतो, आणि ती पण भरेल असं धरून चाललो, ही माझी चूक आजही मला टोचते. तारीख निघून गेली. ज्युनिअर कॉलेजच्या बोर्डावर खासगी क्लासच्या रिपीटर बॅचचा रंगीत कागद होता, याचा मात्र कुठंच नव्हता. पोरीनं वर्ष घालवलं, बापानं लाखाच्या वर पैसे क्लासला भरले.

आणि जागा काही आभाळातल्या नाहीत. देशात अशी सहा कॉलेजेस, मिळून २२० जागा, आणि त्यातली दोन आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला एएफएमसी आणि मुंबईत कुलाब्याला नौदलाचं हॉस्पिटल आयएनएचएस अश्विनी, दोन्हीकडे ४०-४०. बाकीची दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळुरू. निवड मात्र अख्ख्या देशातनं होते, त्यामुळे कुठलं कॉलेज मिळेल ते आपल्या हातात नाही. पूर्वी सैन्याची वेगळी लेखी परीक्षा असायची, आता नीटच्या मार्कांवरनं शॉर्टलिस्ट करतात, मग कॉम्प्युटरवर बुद्धिमत्तेची आणि इंग्लिशची टेस्ट, मग मानसशास्त्रीय चाचणी, इंटरव्ह्यू आणि मेडिकल. ह्या इंग्लिशला आमच्या मराठी मीडियमच्या पोरी घाबरतात. माझीनं अकरावीपासून रोज इंग्लिश पेपरचं एक पान मोठ्यानं वाचलं, मी भाकऱ्या थापायची आणि ती ओट्याजवळ उभी राहून वाचायची, मला काही कळायचं नाही पण अडखळली की मला कळायचं, मी म्हणायची परत वाच.

एक अट तर दहावी झाल्या झाल्याच सांगायला पाहिजे अशी आहे. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश घेऊन रेग्युलर आणि पहिल्याच अटेम्प्टला पास पाहिजे, निदान ५० टक्के. म्हणजे एखाद्या पोरीनं बायोलॉजीच सोडला, किंवा एका विषयात राहिली नि परत दिला, तर दार बंद. बारावीनंतर कळून काय उपयोग?

आता लग्नाचं. सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, नोकरीत लग्न चालतं का? प्रश्न चुकीचा नव्हता. कोर्सला अविवाहित मुली घेतात (विधवा, घटस्फोटित बायकांनाही संधी आहे, हे पण कुणी सांगत नाही), आणि शिकत असताना लग्न चालत नाही. पण नोकरीत लग्न केलं म्हणून काढायचे ते दिवस गेले. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली लग्न केलं म्हणून नोकरीतनं कमी केलं होतं, तो नियम १९९५ ला रद्द झाला, पण त्या बाई लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितले, असा नियमच मनमानी आहे म्हणाले. मी ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं भांडली बाई? मग जाऊ दे आपली पण."

त्याच सासूबाई मागच्या दिवाळीत खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होत्या. चादर बदलायची म्हणजे आम्हा दोघातिघांना त्यांना उचलायला लागायचं, त्या कळवळायच्या. मुलगी सुट्टीला आली, म्हणाली कुणी हात लावू नका. मांड्यांच्या मध्ये उशी ठेवली, मला पलीकडं उभं केलं, आजीला अलगद चांगल्या कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळी करून पाठीला सरकवली, तिच्या शेजारी नवी अर्धी अंथरली, मग गुंडाळीवरनं हळूच परत पाठीवर घेतलं आणि पलीकडनं जुनी ओढून काढली, कोपरे असे बांधले की एक सुरकुती नाही. सासूबाई हूं की चूं करेनात. वर सांगते कशी, "आजी, सुरकुती राहिली की पाठीला जखम होते, आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात." एकोणीस वर्षांची पोर. हे बघून ह्यांचे डोळे भरले, ते उठून बाहेर गेले. आणि लोक म्हणतात, नर्सच व्हायचं तर एवढं काय!

सोपं आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या सेमिस्टरला रोज रडायची फोनवर. नाइटनंतर झोप नाही, चार मिनिटं उशीर झाला तरी जाब विचारतात. अर्ध्यात सोडलं तर बाँडचे पैसे भरावे लागतात, ते घरात बसून नीट वाचूनच सही करावी. पण तिच्या वॉर्डमध्ये एक तरुण जवान होता, घरचं कुणी जवळ नाही, तो हिला ताई म्हणायचा, तो बरा होऊन युनिटला परत गेला त्या दिवसापासनं हिचं रडणं थांबलं.

साहेब, याच देशात मिलिटरी हॉस्पिटलं नीट चालावीत म्हणून २८ मार्च १८८८ ला पहिल्या दहा ट्रेन्ड नर्स उतरल्या त्या आपल्या मुंबईतच. पुढं १ ऑक्टोबर १९२६ ला ही सर्व्हिस कायमची झाली, म्हणजे २०२६ हे शंभरावं वर्ष. आपल्या पेपरनं एवढं करावं, रजिस्ट्रेशनची तारीख जाहीर झाली की पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर का होईना पण मराठीत चौकट छापावी, शेवटची तारीख ठळक अक्षरात. आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांना हात जोडून सांगणं आहे की अकरावीच्या ॲडमिशनलाच पोरींना अटी सांगा.

शेजारची पोर यंदा परत नीट देतेय. वयात बसते, २५ पर्यंत चालतं. यावेळी तिचा फॉर्म भरायला माझी मुलगी व्हिडिओ कॉलवर बसणार आहे आणि मी शेजारी.

आपली,
एका नर्सिंग कॅडेटची आई, जि. सातारा